रा. रा. ठेकेदारभाऊ यांस



भाऊ, पत्र खुलंच लिहितोय. तुमचा फोन सदा बंद असतो आणि तुम्ही बसवलेलं बाथरूमचं दार काही बंद होत नाही, त्यामुळे दुसरा मार्ग उरला नाही.

आधी कौतुक. आमची वडिलोपार्जित मोरी तोडून तिथं नवं बाथरूम करायचं होतं. घरातलं असं हे पहिलंच काम. बिचकत विचारलं, भाऊ, आधी काय, नंतर काय? तुम्ही हसून म्हणालात, "टेन्शन नका घेऊ, सगळं डोक्यात आहे." होतंच. फक्त ते डोकं उलटीकडून चालतं, एवढंच सांगायचं राहिलं.

साधारण लोक आधी तोडफोड करतात, मलबा उचलतात, मग भिंतीला चर पाडून पाईप आणि विजेच्या नळ्या घालतात. पुढे प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, त्यावर टाइल्स, आणि सगळ्यात शेवटी नळ, कमोड, आरसा. तुम्ही पहिल्याच आठवड्यात टाइल्स लावल्या. का, तर टाइल्सवाला तेवढ्यातच मोकळा होता, नंतर त्याच्या घरची लग्नं होती. प्लंबर तुमसरच्या साईटवर अडकला होता. तो आला तेव्हा आमच्या भिंती चकचकीत होत्या, आणि त्याच्या हातात कटर होता.

फुटलेल्या टाइल्सच्या जागी तुम्ही तत्परतेने नव्या आणल्या. डिझाईन तेच, कंपनी तीच, लॉट वेगळा. खोक्यावर शेडचा नंबर छापलेला असतो. म्हणूनच जाणते लोक पहिल्याच खरेदीत दहा टक्के माल जास्त घेऊन ठेवतात. आता नळाभोवतीचा चौकोन दुधाळ आणि बाकी भिंत सायीच्या रंगाची आहे. पाहुणे विचारतात, मी सांगतो, हायलाइटर आहे.

कमोडचा किस्सा तर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवावा असा. मैलापाण्याच्या पाईपचं अंतर तयार भिंतीपासून मोजायचं असतं, म्हणजे प्लास्टर आणि टाइल्सची जाडी धरून. तुम्ही ते उघड्या विटेपासून मोजलंत. मधल्या दीड इंचाने टाकी भिंतीला टेकली आणि कमोड पुढे सरकायला जागा मागू लागला. तुमचा माणूस म्हणाला, थोडं तिरपं बसवू. बसवलं. आता आम्हीही थोडे तिरपे बसतो.

उताराबद्दल मात्र मला मनापासून बोलायचं आहे, कारण तो आपल्या जिल्ह्याचा विषय आहे. आपण भंडाऱ्याचे, तलावांच्या मुलखातले. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. 1999 साली गोंदिया वेगळा झाला, तोवर तोही आपल्याच जिल्ह्यात होता. असे तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांकडे लेझर लेव्हल नव्हती. जमिनीचा कल ओळखून पाणी अडवायला पार कुठे घालायची, शेताकडे पाणी सोडायला तुडुम कुठे ठेवायचा आणि जास्तीचं पाणी सलंगावरून कुठे काढायचं, हे त्यांना कळत होतं. त्यांच्याच मुलखात, चार बाय सात फुटांच्या जागेत, तुम्हाला पाणी जाळीकडे नेता आलं नाही. मीटरला दहा-पंधरा मिलिमीटर उतार पुरला असता. आमच्याकडे जाळी कोपऱ्यात उंचावर आहे आणि पाणी दारापाशी जमतं. इतकं पाणी धरणारी बांधी तर रोवणीच्या वेळी चिखलणी करूनही साधत नाही, भाऊ. एकच तक्रार: टाइल्स गुळगुळीत निवडल्या. आई भिंत धरून चालते.

वासाचंही सांगतो. जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात कायम थोडं पाणी राहतं, आणि तेच गटारातली हवा घरात येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीने 1775 मध्ये लंडनला संडासासाठी अशाच वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षं झाली, ही खबर वैनगंगा ओलांडून तुमच्यापर्यंत यायची आहे. तुम्ही पाईप सरळ गटाराला जोडलात. वळण टाळलंत, वेळ वाचला.

आता वॉटरप्रूफिंग. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाला सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी विटांच्या मागे डांबराचा थर दिला होता. नहायला येणाऱ्याला तो कधी दिसलाही नसेल. न दिसणारं काम आधी आणि नीट करायचं, ही जुनीच रीत. त्यानंतर त्याची परीक्षा: पाईपला हातपंपाने दाब द्यायचा आणि काटा खाली येतो का बघायचं, जाळी बंद करून जमिनीवर दोन-तीन दिवस पाणी साचवायचं आणि खालचं छत बघायचं. हे सगळं टाइल्सच्या आधी, म्हणजे गळती सापडली तर फक्त सिमेंट फोडावं लागतं. मी पाणी साचवण्याचा विषय काढला तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाणी कशाला वाया घालवता?" जलसंवर्धनाची ही तळमळ मी विसरणार नाही.

परीक्षा मग आपोआप झाली. बाथरूमखालच्या खोलीत आमचे धानाचे बोरे असतात. छताला आधी पुसटसा डाग आला, मग तो नकाशासारखा पसरला, मग थेंब. वरच्या थरातल्या बोऱ्यांमध्ये धानाला कोंब फुटले. पऱ्हे घरातच तयार, फक्त रोवणीला शेत कुठे, ते सांगा.

नळांबद्दल लिहिणार नव्हतो, पण लिहितो. पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात तुम्ही पितळेचे म्हणून प्लॅस्टिकचे नळ बसवलेत. वरचा मुलामा इतका सुबक की फिरवताना मूठ हातात आली तेव्हाच कळलं. गिझरचा पॉइंट सोळा अँपिअरचा असावा, अर्थिंग असावं, गळका करंट तोडणारा ईएलसीबी असावा. यातलं बोर्डावर काय आहे, ते बघायला इलेक्ट्रिशियन आणला. तो बघून बराच वेळ काही बोलला नाही. गिझर सध्या खोक्यातच आहे. नाही म्हणायला आरसा सरळ आहे.

पण भाऊ, हा सगळा तुमच्या अज्ञानाचा प्रकार आहे असं मला आता वाटत नाही. परवा तुमच्या हस्ताक्षरातला ठरावाचा कागद पुन्हा काढून वाचला. काम सुरू होताना चाळीस टक्के, टाइल्स लागल्यावर पन्नास, उरलेले दहा काम संपल्यावर. कामाचा सगळा क्रम त्या तीन ओळींत लिहिलेला होता. टाइल्स लागल्या की नव्वद टक्के खिशात, मग टाइल्स आधी लागणारच. दाबाच्या परीक्षेला, ट्रॅपला, उताराला त्या कागदावर पैसाच नव्हता. मग त्यांच्यासाठी माणूस तरी कुठून मोकळा होईल?

म्हणून नवा कागद मी लिहिला आहे. तोडफोड आणि मलबा उचलल्यावर थोडे. पाईप उघडे असताना दाब टिकला तर मोठा हप्ता. वॉटरप्रूफिंगवर पाणी साचवून खालचं छत कोरडं राहिलं तर त्याहून मोठा. टाइल्सचे अगदी बेताचे, आणि तेही बादलीभर ओतलेलं पाणी आपणहून जाळीत गेलं तर. नळ-कमोडचे शेवटी. शेजारी, मेहुणे आणि वरठीचे एक मित्र, तिघांनाही यंदा बाथरूम करायचं आहे. तिघांना या कागदाची झेरॉक्स दिली आहे. तुमचं नाव त्यांना सांगितलेलं नाही. ते आपणहून विचारतात.

तुमचे दहा टक्के माझ्याकडे आहेत. जमिनीच्या टाइल्स उद्यापासून निघतील, खर्च त्यातूनच होईल, हिशेब कळवीन. हिंमत असेल तर दुरुस्तीला या, पावसाळ्यात रेतीघाट बंद होण्याआधी. येताना प्लंबरला आणा. टाइल्सवाल्याला तूर्त लग्नं उरकू द्या.

आपला,
तिरपा बसलेला एक घरमालक, भंडारा