दोनशे बारची हवा

कळंबोलीत लोखंड टनावर विकलं जातं. सळई, पत्रा, चॅनल, अँगल. काट्यावर पाच-दहा किलो इकडचे तिकडे झाले तर कोणी मान वर करत नाही. अशा ठिकाणी राहून पन्नाशीत मला अर्ध्या मिलिमीटरचं वेड लागलं. निमित्त स्वप्नील कुसाळे. 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या या रेल्वेतल्या टीसीनं पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं आणि मी टीव्हीसमोर जाहीर केलं, "आपणही रायफल घ्यायची."

"आधी मिक्सरचं भांडं आणा," बायको म्हणाली.

स्वप्नीलची रायफल पॉइंट टू-टूची. तिला परवाना लागतो. म्हणजे अर्ज, पोलीस पडताळणी आणि 'शस्त्र कशासाठी हवं?' या प्रश्नाला उत्तर. 'टीव्ही पाहून' हे चाललं नसतं. कायद्यात 'रिनाउन्ड शॉट' नावाची एक जमात आहे. ठरावीक गुण मिळवलेल्या या नेमबाजांना सवलती असतात. माझी ख्याती जत्रेत फुगे चुकवण्यापुरतीच. शिवाय थ्री पोझिशन म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. गुडघ्यावर मी बसतो. उठवायला माणूस लागतो.

उरली एअर रायफल. नळी 4.5 मिलिमीटरची आणि ताकद 20 ज्यूलच्या आत असली, तर परवान्याची भानगड नाही; दुकानदार ओळखपत्र आणि पत्ता तेवढा नोंदवून घेतो.

बातमी सोसायटीत पसरली. तळमजल्यावरचे निवृत्त हवालदार थ्री-नॉट-थ्रीवर वाढलेले. "हवेची?" ते म्हणाले, "मग हवा भरायला सर्कलवरच्या पंक्चरवाल्याकडं नेणार व्हय?" चौकशी केली तर पंक्चरवाल्याचंही काम नव्हतं. ट्रेलरच्या टायरात आठ-नऊ बार दाब असतो, स्पर्धेच्या रायफलीच्या नळकांड्यात 200 बार. सेक्रेटरींना मात्र तांत्रिक बाबींत रस नव्हता. डक्टमधल्या कबुतरांचं कधी बघता, एवढंच त्यांनी विचारलं. फक्त कागदावर मारणार म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला.

नेमबाजीच्या बाबतीत आमचा भाग तसा नशीबवान. 2004 साली अथेन्सला ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत खेळलेल्या सुमा शिरूर यांनी शेजारच्या पनवेलमध्ये नेमबाजीची पिढी घडवली. मी आपला जवळच्या एका साध्या रेंजवर गेलो. तिथली प्रशिक्षक माझ्या मुलीच्या वयाची.

"काका, दोन्ही हात लांब करून तळव्यांत फट ठेवा. त्यातून घड्याळ बघा. आता एक डोळा मिटा."

उजवा उघडा ठेवला की घड्याळ गायब. मी उजव्या हाताचा आणि डाव्या डोळ्याचा निघालो. म्हणजे डाव्या डोळ्यावर झापड तरी लावायची किंवा डाव्या खांद्यावरून मारायला शिकायचं. तोवर मी कंपन्यांची नावं पाठ करत होतो: वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आपली देशी प्रिसिहोल. हिनं त्यातलं एकही नाव काढलं नाही. दस्ता खांद्यापासून किती लांब, गाल कुठे टेकतो, हेच ती मापत राहिली. नळी मोडून भरायची स्प्रिंगची बंदूक स्वस्त पडते, पण छर्रा बाहेर पडायच्या आतच झटका देते; चूक तुमची की तिची, हे नवख्याला कधीच कळत नाही, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं, कारण आमच्या घरीही तसंच चालतं.

मग क्लबची रायफल हातात दिली. वजन पाच किलोंच्या आसपास. मागच्या बारीक छिद्रातून पुढची गोल कडी, कडीच्या आत दहा मीटरवरचा काळा ठिपका आणि भोवती पांढरी किनार एकसारखी हवी. त्या काळ्याच्या मधोमध दहाचा ठिपका, व्यास अर्धा मिलिमीटर. श्वास रोखला की किनार स्थिरावते. मग नाडीच्या ठोक्यागणिक काळा गोल उडी मारतो. माझं हृदय चालू आहे याचा इतका ढळढळीत पुरावा ईसीजीतही मिळाला नव्हता.

"सहा महिने क्लबचीच वापरा," ती म्हणाली. "आधी जॅकेट घ्या."

जॅकेट म्हणजे जाड कॅनव्हास आणि चामडं. ते चढवलं की पाठ ताठ होते आणि बुटांची नाडी दुसऱ्यानं बांधावी लागते. मे महिन्यातल्या कळंबोलीत ते घालून मी आरशासमोर उभा राहतो. आमच्या सिडकोच्या घरात दारापासून बाल्कनीच्या गजापर्यंतही दहा मीटर भरत नाहीत, म्हणून भिंतीवर त्या प्रमाणात लहान केलेला ठिपका चिकटवलाय. हातात तूर्त छत्री.

बायकोनं मात्र पुढची तयारी केलीय. रायफलीच्या पेटीची लांबी विचारून घेऊन तिनं टेपनं दिवाण मापला. "बसेल," ती म्हणाली, "पण पाहुण्यांच्या गाद्या कुठे हलवायच्या ते तुम्ही बघा. आणि अहो, कुलूप लागेल. किल्ली माझ्याकडे."