जवारी गेलेली रॅकेट

येलहंका न्यू टाऊनमधल्या आमच्या सोसायटीत टेनिसचं कोर्ट एकच. सकाळी सहाला तिथे चौघे खेळत असतात आणि पाचवे काका बाकावर बसून रॅकेट वाजवत असतात. वाजवतात म्हणजे अक्षरशः वाजवतात. कानाशी धरून नखाने तार छेडतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "उतरलीय. हिची जवारी गेलीय."

काका मूळचे मिरजेचे. ज्या गावात भोपळ्यापासून तंबोरे होतात आणि त्यांच्या तारांच्या गुंजारवाला जवारी म्हणतात, तिथल्या माणसाला तार दिसली की हात आवरत नाही, हे समजू शकतं. पुढे नोकरी केली ती इथल्याच रेल्वेच्या चाकांच्या कारखान्यात. भंगार लोखंड वितळवून आगगाडीची चाकं ओतणारा तो कारखाना 1984 मध्ये सुरू झाला. तिथे चाक जरा कमीजास्त झालं तर चालत नाही. मिरजेचा कान आणि कारखान्याची नजर एकाच माणसात उतरली, आणि निवृत्तीनंतर दोन्ही आमच्या कोर्टावर येऊन बसली.

दोन वर्षांपूर्वी मी बेसावध होतो. सहज विचारलं, "काका, रविवारी खेळायला कुठली रॅकेट घेऊ?"

"तुझा खेळ कसा आहे?"

"वाईट."

"वाईट म्हणजे? चेंडूवर उशिरा जातोस की लवकर?"

इतका खोल विचार मी माझ्या वाईटपणाचा कधी केला नव्हता. त्या संध्याकाळी काकांनी मला घरी बोलावलं. दिवाणावर पाच रॅकेटी मांडल्या होत्या, वधूपक्षाने ताटं मांडावीत तशा. 27 इंची रॅकेट फूटपट्टीच्या कडेवर आडवी ठेवून त्यांनी तिचा तोल दाखवला. मग स्वयंपाकघरातला काटा आला. "बॅबोलाट प्युअर ड्राइव्ह, तारांशिवाय 300 ग्रॅम, डोकं 100 चौरस इंच. आणि ही फेडररवाली विल्सन, 340 ग्रॅम, 97 इंच. धर. मनगट काय म्हणतंय?" मनगट काही म्हणालं नाही. आतून काकू म्हणाल्या, "काटा द्या आधी. रवा मोजायचाय."

काकांच्या देव्हाऱ्यात फेडरर नाही, बोर्ग नाही. आहे हॉवर्ड हेड. या अमेरिकन गृहस्थाने स्की बनवून पैसा केला, निवृत्तीनंतर टेनिस शिकायला घेतलं आणि ते काही जमेना. म्हणून त्याने सरावासाठी चेंडू फेकणारं यंत्र आणलं. ते मनासारखं चालेना, तेव्हा यंत्रच सुधारून दिलं. तरीही खेळ होता तिथेच. मग त्याने निष्कर्ष काढला की दोष रॅकेटचा आहे, आणि मोठ्या डोक्याची रॅकेट तयार केली. 1976 मध्ये पेटंट मिळालं आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्या जगाच्या रॅकेटींची डोकी वाढली. ही कथा सांगताना काकांचा आवाज कीर्तनकारासारखा होतो. खेळ न येणाऱ्या माणसाने खेळ बदलला! आता फक्त काकांची पाळी यायची आहे.

तेवढ्यासाठी ते क्वचित कोर्टात उतरतातही. कोर्टावर सराव देणारा आमचा मार्कर इथलाच. काका जागच्या जागी उभं राहून चेंडूची वाट पाहतात तेव्हा तो ओरडतो, "सर, कालु! कालु!" कन्नडमध्ये कालु म्हणजे पाय, पाय हलवा, असं त्याचं म्हणणं. काकांना कन्नड उत्तम येतं. तरी ते शांतपणे मराठीत उत्तर देतात, "काल गुडघा धरला होता रे, उद्या बघू." चेंडू मागच्या जाळीला लागतो. काका रॅकेटकडे बघतात, तार छेडतात आणि बाकावर परत येतात. रोहन बोपण्णाने 43 व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनचं दुहेरी विजेतेपद मिळवलं, असं मी एकदा धीर देण्यासाठी म्हणालो. "तो कुर्गचा. डोंगरातली माणसं," काका म्हणाले. विषय संपला.

एक मान्य करायला हवं, माणसाचं ज्ञान खरं आहे. आमच्यासारख्या रविवारी खेळणाऱ्यांनी 100 चौरस इंचांची, तारांशिवाय 280 ते 300 ग्रॅमची रॅकेट घ्यावी. गटिंग मऊ तारेचं आणि पन्नास पौंडांच्या आसपास करावं. कडक पॉलिएस्टरच्या वाटेला जाऊ नये, कोपर धरतं. डॅम्पनरने आवाज बदलतो, कोपराला मिळणारा आराम मात्र नगण्य. हे सगळं त्यांनीच सांगितलं. चार वाक्यांत मावणारं हे ज्ञान मिळायला मला दोन वर्षं लागली, कारण प्रत्येक वाक्यानंतर "पण" होतं. माझी रॅकेट अजून घ्यायची आहे. परवाच ठरत आली होती, तेवढ्यात त्यांना मुठीच्या मापाची शंका आली. त्यांनी ग्रिप धरलेल्या माझ्या हातात बोटं आणि तळव्याच्या मधे स्वतःचं बोट घालून पाहिलं. बोट मावलं, पण त्यांच्या मते जरा जास्तच आरामात मावलं.

तुम्हालाही रॅकेट घ्यायची असेल तर अवश्य या. काका कुणालाही नाही म्हणत नाहीत. फक्त विषम साली फेब्रुवारीत या. तेव्हा इथल्या हवाई दलाच्या तळावर एअरो इंडिया भरतं, दिवसभर डोक्यावरून लढाऊ विमानं जातात आणि काकांचं निम्मं बोलणं ऐकू येत नाही.