मजकूर मोटारीच्या वयाचा पंचनामा

इंग्लंडातील जुन्या मोटारींचे विक्रेते एरवी सत्यवचनी असतात. मात्र गाडीच्या जन्मवर्षाचा प्रश्न निघाला, की त्यांच्या सत्यनिष्ठेला दोन-तीन वर्षांची सवलत आपोआप मिळते. अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात निर्माण झालेली एमजीबी खरेदी करू इच्छिणाऱ्या सज्जनांनी म्हणून पुढील शिरस्ता पाळावा.

कलम पहिले : नंबरप्लेट. १९६३ पासून नंबराच्या अखेरीस वर्षसूचक अक्षर जोडण्यास आरंभ झाला. हे अक्षर गाडी सरकारदरबारी कधी नोंदली गेली एवढेच सांगते. ती त्यापूर्वी विक्रेत्याच्या आवारात किती महिने गिऱ्हाइकाची प्रतीक्षा करीत उभी होती, याविषयी ते मौन पाळते. त्यातच १९६७ साली सरकारने अक्षरबदल जानेवारीवरून ऑगस्टवर नेला आणि त्या एकाच वर्षाला ई व एफ अशी दोन अक्षरे बहाल केली. सबब ही साक्ष ऐकीव समजावी.

कलम दुसरे : अंगलक्षणे. दाराला ओढून उघडण्याची मूठ असल्यास गाडी १९६५ किंवा तत्पूर्वीची. अमेरिकन नियमांच्या धाकाने १९७४ च्या उत्तरार्धात काळे रबरी बंपर आले, तेव्हा चकाकते क्रोमचे बंपर त्याआधीचे, असे शास्त्र सांगते. परंतु क्रोमच्या गाडीला भाव अधिक येत असल्यामुळे रबर उतरवून क्रोम चढविणारे कलावंतही पुष्कळ आहेत. रबरी बंपरांसोबत गाडीची उंचीही वाढविण्यात आली होती, हे ध्यानी ठेवून परीक्षकाने बंपराच्या तेजाने दिपून न जाता ओणवे होऊन गाडीचे पोट जमिनीपासून किती वर आहे ते न्याहाळावे.

कलम तिसरे : काच आणि सुटे भाग. ट्रिप्लेक्स काचेच्या कोपऱ्यातील अक्षरांलगतचे बारीक ठिपके काचेच्या निर्मितीचे वर्ष व तिमाही सुचवितात. पण वर्षाचा केवळ शेवटचा अंक. दशक ठिपक्याला ठाऊक नसते. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरवर आठवडा आणि वर्ष ठोकलेले आढळते. मूळ भागांपैकी सर्वांत नव्या भागाहून गाडी जुनी असू शकत नाही, हा सिद्धांत निर्विवाद आहे. मूळ भाग कोणते, एवढेच काय ते विक्रेत्याच्या तोंडून ऐकावे लागते.

कलम चौथे : दप्तर. वॉरिकशायरमधील गेडन येथे कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या जतन केलेल्या असून, चॅसी-क्रमांकावरून तेथील संस्था शुल्क घेऊन दाखला देते. त्यात बांधणीची तारीख, इंजिनाचा क्रमांक, मूळ रंग व रवानगीचे ठिकाण नमूद असते.

उपरोक्त साक्षी परस्परविरुद्ध गेल्यास, आणि बहुधा त्या जातातच, गेडनचा दाखलाच प्रमाण मानावा. तो गहाळ झाल्याचे विक्रेत्याने कितीही दुःखी मुद्रेने सांगितले, तरी सांत्वन अवश्य करावे. इसार मात्र देऊ नये.