रथावरचा कुत्रा

आमच्या सोसायटीच्या मागे उंबर आहे आणि त्यावर येणारी राखी धनेशाची जोडी माझी आहे. म्हणजे झाड सोसायटीचं, उंबरं पाखरांची आणि खाली होणाऱ्या चिकचिकाटाची तक्रार तळमजल्यावरच्या काकांची. पण धनेश दाखवण्याचा मान माझा. कुणी बाल्कनीत आलं की मी आधी ओठांवर बोट ठेवून ‘श्श’ करतो. झाडावर धनेश असो नसो, ‘श्श’ केल्यानं माणूस अभ्यासू दिसतो. गळ्यात दुर्बीण असली तर विचारायलाच नको.

अडचण एवढीच, की धनेश आधी दिसतो तो आईला. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी मेथी निवडत बसलेली असते, तिच्याकडे दुर्बीण नाही आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून एकाच डोळ्याचं झालंय. “अरे, तुझा तो नाकाड्या कावळा आलाय बघ,” ती ओरडते. मी धावतो. “कावळा नाही आई, धनेश.” “बरं, धनेश. गेला.”

मग मी तिला माहिती देतो. माहिती द्यायला पक्षी समोर असावा लागत नाही, ही फार मोठी सोय आहे. विणीच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड मुख्यतः स्वतःच्या विष्ठेनं लिंपून टाकते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत बसल्या बसल्या पंखांतली मोठी पिसं झाडते, म्हणजे मनात आलं तरी उडून जायची सोय नाही. ते सगळे आठवडे नर बाहेरून फळं, किडे, एखादा सरडा आणून त्या फटीतून भरवत राहतो. हे सांगताना माझा आवाज आपोआप माहितीपटातला होतो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे बाळंतिणीची खोलीच की. कानाला वारा लागू देत नसेल.” बायको आतून म्हणाली, “नराला कुणी दुर्बीण दिली नाही, ते बरं झालं.”

धनेशाच्या चोचीवर शिंगासारखा एक उंचवटा असतो. त्याचा उपयोग काय, यावर अभ्यासक पुष्कळ बोलतात. माझं मत सोपं आहे: हौस. चोच होती, काम भागत होतं, पण वर थोडं काहीतरी हवं होतं. हे मत मी कुठल्याही पक्षितज्ज्ञापुढे मांडलेलं नाही, मांडणारही नाही. घरात मात्र मांडतो. कारण कामापुरत्या वस्तूवर हौसेनं चढवलेलं जे बिनकामाचं असतं, तोच माझा खरा विषय. धनेश हा त्यातला जिवंत नमुना. बाकीचे धातूचे. आणि त्या सगळ्यांत श्रेष्ठ म्हणजे दायमाबादचा कुत्रा.

श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. 1974 साली तिथल्या एका भिल्ल माणसाला झाडाचं खोड खणून काढताना जमिनीत चार वस्तू लागल्या. ब्रॉन्झच्या, भरीव ओतलेल्या, सगळ्या मिळून 60 किलोंच्या वर. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. बरेच अभ्यासक त्यांचं वय 4000 वर्षांच्या आसपास धरतात, काहींना ते मान्य नाही, आणि या भांडणात मी पडत नाही, कारण मला कुणी बोलावलेलं नाही. पण गेंडा बघा! नगर जिल्ह्यात गेंडा, आणि तोही चाकांवर. रेड्यालासुद्धा चाकं आहेत. हत्तीची हरवली असावीत, कारण त्याच्या पाटाला आसाची भोकं तेवढी उरली आहेत. गेंड्याला चाकं लावावीत हे ज्या माणसाला सुचलं, त्याच्याशी माझं नक्की जमलं असतं.

तरीही मन अडकतं ते रथावर. रथ 45 सेंटिमीटर लांब आणि 16 सेंटिमीटर रुंद. पुढे बैलजोडी, मागे उभा माणूस, मधे लांबलचक दांडा. आणि त्या दांड्यावर एक कुत्रा उभा आहे.

आता जरा विचार करा. रथ झाला, बैल झाले, हाकणारा झाला. वस्तू पूर्ण झाली. कुत्र्याची काहीएक गरज नाही. बरं, उभा कुठे आहे? बैलांच्या शेपट्यांमागे, धन्याच्या पुढ्यात, जिथून पडला तर थेट चाकाखाली. कुठल्याही शहाण्या गाडीवानानं त्याला तिथून हाकललं असतं. म्हणजे हा हाकलल्यावर परत येऊन उभा राहिलेला कुत्रा आहे. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या पार्किंगमधला काळ्या माझ्या स्कूटरच्या सीटवर बसतो; उठवला की शेजारच्या स्कूटरवर जातो आणि मी लिफ्टमध्ये शिरलो की परत येतो. या बाबतीत 4000 वर्षांत फारशी प्रगती झालेली नाही.

असं ओतकाम करणारे आधी मेणात घडवतात. म्हणजे हा कुत्रा आधी मेणाचा असणार, आणि चिमटीत धरून तो सहज काढता आला असता. तांबं वाचलं असतं, आणि तांबं काही प्रवरेच्या काठी पिकत नाही. कारागिराला कुणीतरी बोललंही असेल. पैसे मोजणारा असेल, बायको असेल, ‘हे मधेच काय?’ असं विचारणारा गावातला जाणकार तर असणारच. तो प्रत्येक गावात असतो, आमच्या सोसायटीत तो मी आहे. पण कारागिरानं कुणाचं ऐकलं नाही. कुत्रा राहिला. हाकणाऱ्याचं नाव गेलं, गाव गेलं, गाडी कुठे निघाली होती तेही गेलं, आणि हा अजून दांड्यावर तोल सांभाळून उभा आहे.

गाड्याखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं गाडा आपणच ओढतोय, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. दायमाबादचा कुत्रा त्याच्या वरच्या पायरीवर पोचलेला. तो खाली चालत नाही. तो चढून पुढे उभा राहिलाय आणि गाडा आपणच हाकतोय अशी त्याची खात्री आहे. हे निरीक्षण मी फार खुशीत बायकोला ऐकवलं. तिनं मोबाइलवरचा फोटो बोटांनी मोठा करून कुत्रा पाहिला, मग माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहिली आणि म्हणाली, “चेहरा ओळखीचा वाटतो.”

माझी आणखीही एक उपपत्ती आहे. खंडोबाच्या टाकावर घोड्याच्या पायांशी कुत्रा असतो. देव घोड्यावर, म्हाळसा मागे, आणि कुत्रा खाली धावतोय. माझं म्हणणं, हा तोच. मधल्या काळात कधीतरी तो दांड्यावरून खाली उतरला आणि रथाऐवजी घोड्याबरोबर निघाला. पुरावा नाही, पण पुराव्याच्या आड आपण तरी का यावं? पुरातत्त्वातल्या एका मित्राला ही उपपत्ती मी पूर्ण ऐकवली. त्यानं शांतपणे चहा संपवला आणि विचारलं, “वहिनी कशा आहेत?” माझी मुलगी लहान असताना तिला रथाचा फोटो दाखवला, तेव्हा तिनं एकच विचारलं होतं, “बाबा, त्याचं नाव काय?” या विषयावर आजवर मी ऐकलेला हा एकमेव शहाणा प्रश्न.

असो. कुत्रा आवरता घेतो, नाहीतर लेख याच्यावरच संपेल.

अशा बिनकामाच्या प्राण्यांचं मोठं वसतिस्थान म्हणजे पुण्यात शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ एवढं पुरतं; तिथले अडकित्ते पाहिले की कळतं, एवढ्यावर कुणाचं भागलं नव्हतं. कुणाच्या मुठीचा घोडा केलाय, कुणाचा मोर, कुणाचं एकमेकांना बिलगलेलं जोडपं. दिव्यावर पाखरू, दौतीवर नक्षी. तिथे गेलो की मी हात मागे बांधून, मान तिरकी करून, प्रत्येक कपाटापुढे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ उभा राहतो. एकदा शाळेची एक सहल माझ्यामागे लागली. त्यांच्या बाईंना मी संग्रहालयाचाच माणूस वाटलो. मी तो गैरसमज शेवटच्या दालनापर्यंत जपला.

त्या संग्रहालयाच्या नावातला राजा म्हणजे कुणी संस्थानिक नव्हे. तो केळकरांचा मुलगा, लहानपणीच गेलेला. दिनकर गंगाधर केळकर म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून दुकान, आणि स्वतःची नजर मात्र लोकांच्या माजघरात, कोनाड्यात, फडताळात. गावोगाव फिरून त्यांनी आणि पत्नी कमलाबाईंनी जे जमवलं, त्यात तलवारी आहेत, पण झाऱ्या, फण्या, दिवे, अडकित्ते आहेत म्हणून ते संग्रहालय वेगळं. पुढे 20,000 वस्तूंच्या वर गेलेला हा संसार त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला आणि 1990 मध्ये ते गेले. मूल गेल्यावर घरात त्याच्या वस्तू थोड्याच उरतात. लहान मुलाच्या असतात तरी किती? पण त्याच्या नावानं दुसऱ्या हजारो घरांतल्या वस्तूंना छप्पर मिळालं. हे मी त्या सहलीतल्या मुलांना सांगायला गेलो, तेव्हा माझा माहितीपटाचा आवाज लागेना. एका मुलानं विचारलं, “मग राजाची खेळणी कुठेयत?” मी म्हटलं, “पुढच्या दालनात वाद्यं आहेत, चला.”

आणि मग आठवतो तो आमच्या आत्याचा वाडा. वाडा पाडून इमारत व्हायची ठरली, आणि सामान आवरायच्या दिवशी अंगणात काटा येऊन बसला. मोडीचा. समया, तपेली, घंगाळं, पाण्याचा बंब, सुपारीच्या ताटातले अडकित्ते, मुठीवर पोपट बसलेली वजरी, सगळं त्यावर चढत होतं. सगळ्यांनी पितळेचा भाव विचारला. पोपटाचा कुणी विचारला नाही. काट्याचा दोष नाही; काट्यावर पोपटाचं वजन पितळेइतकंच भरतं. पण ज्या हातांनी ती भांडी चिंचेनं घासून चाळीस-पन्नास वर्षं लखलखीत ठेवली, त्यांच्या घरातले आम्ही लोक, आम्हाला तरी दुसरा आकडा माहीत असायला हवा होता. एका नातेवाइकानं मला समजावलं, “अरे, ठेवायला जागा कुठेय?” त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये बुटांचं कपाट भिंतभर आहे. दायमाबादचा ऐवजही तसा 60 किलो धातूच होता. तो जमिनीतून निघाला आणि मोडीत न जाता टिकला, याचं मला गेंड्यापेक्षाही जास्त आश्चर्य वाटतं.

काट्यावरून मी एकच वस्तू उचलली: टाचा घासायची वजरी. खाली खरखरीत पातं, वर मुठीच्या जागी मान वळवून बसलेला पोपट. मूठ आतून पोकळ आणि त्यात बारीक खडे घातलेले, म्हणजे घासताना ती छुमछुम वाजते. आत्याच्या सासूबाई पहाटेपासून अनवाणी राबणार, आणि दिवसातून घटकाभर न्हाणीच्या दगडावर बसून भेगाळलेली टाच घासणार. त्या घटकेपुरता कुणीतरी त्यांच्या हातात पोपट दिला होता. तो न्हाणीत वाजला काय, न वाजला काय, बाहेर कुणाला कळणार होतं? तरी तो वाजावा अशी योजना केली होती.

घरी आणून मी ती दिवाणखान्यातल्या फडताळात मखमलीच्या तुकड्यावर ठेवली. वरून छोटा दिवा सोडला. खाली एक पाटी लिहिली: ‘वजरी. पितळ. शुकमुद्रा.’ शुकमुद्रा हा शब्द माझाच. मी त्यावर बराच खूश होतो.

मग एका सकाळी बाथरूममधून छुमछुम ऐकू आली. मी दारावर टकटक केलं. “आई, तुझ्याकडे माझी वजरी आहे का?”

“आहे. छान लागते पायाला. तुमच्या त्या प्लॅस्टिकच्या दगडापेक्षा बरी.”

“अगं, ती शंभर वर्षांची असेल!”

“मग शंभर वर्षं काय दिव्याखाली बसली होती?” आईनं विचारलं, आणि आतून पुन्हा पोपट वाजला.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि असतं तरी बंद दाराशी उभं राहून ते देता आलं नसतं. वजरी आता बाथरूममधल्या फळीवर असते, शाम्पूच्या बाटलीशेजारी. पाटी मी तिथे लावून पाहिली, पहिल्याच अंघोळीला शुकमुद्रा वाहून गेली. पण दाखवण्याचा मान अजून माझ्याकडे आहे. परवा एक दांपत्य आलं होतं. त्यांचा चहा झाला आणि मी दुर्बीण सावरत उत्साहानं म्हटलं, “चला, बाथरूममध्ये तुम्हाला एक गंमत दाखवतो.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “नको,” गृहस्थ म्हणाले, “आम्ही घरूनच जाऊन आलोय.”