खड्ड्याकाठचा साहेब

इटलीत बोलोन्या शहरात रस्ता खणायला घेतला, की यंत्राच्या पाठोपाठ म्हातारा येतो. हात पाठीमागे, एका हातात दुसऱ्याचं मनगट, कमरेतून किंचित पुढे झुकलेला. तिथल्या बोलीत याला 'उमारेल' म्हणतात, म्हणजे छोटासा माणूस. आव मात्र मुख्य अभियंत्याचा.

पहिली दहा मिनिटं तो बोलत नाही. जाळीला नाक लावून नुसता आत बघतो. मग मान हलू लागते, अर्थातच आडवी. तोवर शेजारी दुसरा उमारेल आलेला असतोच. "पाइप वाकडा बसतोय," पहिला खालच्या पट्टीत सांगतो. "वाकडा नाही हो, उथळ." यावर अर्धा तास रंगतो. एकमत होतं ते एकाच मुद्द्यावर: आमच्या वेळी असं नव्हतं. शेवटी राहवत नाही आणि आतल्या पोराला हाक जाते, "पियानो, पियानो!" सावकाश, बाबा, सावकाश! पोरगा आधीच इतका सावकाश चाललेला असतो, की याहून सावकाश म्हणजे काम बंदच.

इटालियन 'ऑर्दिने' या शब्दात क्रम, शिस्त आणि हुकूम असं सगळंच येतं. निवृत्तीनंतर ही तिन्ही खाती यानं परस्पर स्वतःकडे घेतलेली असतात. नेमणूक कुणी केली, हे विचारायचं नसतं. मांडवात आचाऱ्याच्या खांद्यावरून "मीठ बघा हो" म्हणणाऱ्या काकांना आपण तरी कुठे विचारतो?

पण याला खरंच नेमणूक मिळाली! समुद्रकाठच्या रिच्चोने नगरपालिकेनं २०१५ मध्ये अशा आजोबांच्या मानधनासाठी ११,००० युरो बाजूला काढले. ट्रक किती आले-गेले ते मोजायचं, पावतीप्रमाणे माल उतरला का पाहायचं, कामगार नसताना राखण करायची. फुकट चाललं होतं तेच, आता पगारी. २०१८ मध्ये बोलोन्यानं एका छोट्या चौकाला उमारेलांचं नाव दिलं, आणि पुढे 'त्सिंगारेल्ली' या नामांकित शब्दकोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत हा शब्द बसला. पाइपासारखा वाकडा बसला नसेल, अशी आशा.

हल्ली टेबलावर ठेवायला त्याची छोटी बाहुलीही मिळते. पाठीमागे हात, मान पुढे. लॅपटॉपकडे तोंड करून उभी केली की आपण काम करायचं आणि तिनं बघायचं. बोलत नाही, एवढी एकच उणीव. ती घरातली वडीलधारी मंडळी भरून काढतात.