हीरोइकवाले काका

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरमात आमच्या गल्लीच्या तोंडाशी "काका कुठे राहतात?" असं विचारलं, तर क्रिकेट खेळणारी पोरं बॅट थांबवून उलट विचारतात, "कौनसे? हीरोइकवाले?" आणि थेट फाटकापर्यंत आणून सोडतात.

काकांकडे बघून हे नाव कोणाला सुचणार नाही. अंगात बंडी, कमरेला ढगळ पायजमा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. वय देशाएवढं. "भारत आणि मी एकाच वर्गातले, फक्त तो अजून नोकरीत आहे," हे ते प्रत्येक पंधरा ऑगस्टला म्हणतात. उभी हयात एजी (महालेखापाल) ऑफिसात इतरांचे हिशेब तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरेना, तेव्हा त्यांनी सन २०४७ तपासायला घेतलं.

त्याचं असं झालं. योजना आयोगाने २०१४ साली 'इंडिया एनर्जी सिक्युरिटी सिनॅरिओज २०४७' नावाचं एक खेळणं इंटरनेटवर ठेवलं. (काकांसमोर 'खेळणं' म्हणू नये. मी एकदा म्हणालो, त्या दिवशी चहा आला नाही.) पुढे आयोग गेला, नीती आयोग आला, तरी हे टिकलं. तिसरी आवृत्ती २०२३ च्या जुलैत निघाली. मूळ कल्पना डेव्हिड मॅके या केंब्रिजच्या भौतिकशास्त्रज्ञाची. ब्रिटन सरकारसाठी त्यांनी २०५० पर्यंतचं असंच गणित मांडलं होतं. काका त्यांचा उल्लेख "आमचे मॅकेसाहेब" असा करतात, जणू ते शेजारच्या सेक्शनला होते.

सूर्य, वारा, कोळसा, अणू, रेल्वे, चूल, एकेका गोष्टीपुढे एक ते चार आकडे. एक म्हणजे हातावर हात धरून बसणं, दोन म्हणजे मनावर घेणं, तीन म्हणजे कंबर कसणं आणि चार म्हणजे 'हीरोइक'. आकड्यावर टिचकी मारली की २०४७ पर्यंतचे रंगीत डोंगर फुगतात, बसतात. तेल किती आयात होणार, धूर किती निघणार, सगळं डोळ्यांदेखत हलतं. जन्मभर मागच्या वर्षाचे कागद चाळलेल्या माणसाला पुढच्या वर्षांचा हिशेब हलताना दिसला. मग काय विचारता!

तेव्हापासून काकांच्या जगात प्रत्येक गोष्टीला लेव्हल आहे. "चहात साखर दोन." "भाच्याचा अभ्यास? एक. फार तर सव्वा." तानसेन समारोहातून परतताना गाणं कसं झालं विचारलं, तर "आलाप तीन, ताना चार, तबलजी सुरुवातीला एकवर होता, मग सुधारला." काकूंना गच्चीवरून गहू खाली आणून हवे असतात. "अहो, दोन चकरा मारा, तेही हीरोइकच आहे." काका अशा वेळी स्क्रीनवर अणुऊर्जेत गुंतलेले असतात.

त्यांचा खरा जीव मात्र सँकी आकृतीवर. कोळसा, तेल, सूर्य डावीकडून पट्ट्यांनी निघतात आणि वळणं घेत उजवीकडे कारखाने, गाड्या, घरं यांत शिरतात. पट्टी जाड तितकी ऊर्जा जास्त. "अरे, ही रोकडवही आहे! डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, बेरीज जुळलीच पाहिजे." आणि कोळशाच्या पट्टीतून जो जाडजूड फाटा नुसती उष्णता होऊन बाहेर पडतो, तिथे त्यांचं बोट थरथरतं. औष्णिक केंद्रात जळणाऱ्या कोळशातला जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो. "तीन पोती दिली, दोनांचा पत्ता नाही. आमच्या वेळी यावर ऑब्जेक्शन निघालं असतं!"

गेल्या वर्षी जुलैत बातमी आली, देशाची निम्मी वीजक्षमता आता कोळसा-तेल-गॅसबाहेरची झाली. मी उत्साहाने सांगायला गेलो. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "तवे मोजतोस का पोळ्या? तवे निम्मे झाले, छान झालं. पण शंभरातल्या सत्तरएक पोळ्या अजून कोळशावरच भाजतात." काकू आतून म्हणाल्या, "आणि त्यातली एक तरी तुम्ही लाटली का?"

मुळात विजेचं वेड लागलं कधी, तर काका तारीख सांगतात. ३० जुलै २०१२, रात्रीचे दोन वाजून तेहेतीस मिनिटं. बीना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन ट्रिप झाली आणि सबंध उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच लाइन, आणि या खेपेला साठ कोटी लोकांची बत्ती गुल. "ग्वाल्हेरचं नाव दोघांनी केलं," काका गंभीरपणे सांगतात, "तानसेनाने आणि या लाइनीने."

५ एप्रिल २०२० ची रात्र तर गल्ली विसरणार नाही. कोरोनाच्या टाळेबंदीत पंतप्रधानांच्या हाकेवरून नऊ वाजता नऊ मिनिटं सगळे घरातली लाइट बंद करून गच्चीवर दिवे घेऊन उभे. काका एकटेच आत, लॅपटॉपवर ग्रिडची फ्रीक्वेन्सी बघत. देशाची मागणी काही मिनिटांत तीस हजार मेगावॉटहून जास्त घसरली. जलविद्युतवाल्यांनी हात आखडता घेत तोल सांभाळला. आणि काका खिडकीतून ओरडले, "पचास! पचास पर टिका है!" हर्ट्झ हा शब्द कोणापर्यंत पोचला नाही. शहरात कोरोनाचे पन्नास रुग्ण सापडले असं समजून समोरच्या भाभींनी दिवा खाली ठेवून दार लावून घेतलं.

इतकं सगळं असून काकांच्या स्वतःच्या गच्चीवर सौर पॅनेल नाही. केंद्राचं अनुदान तीन किलोवॉटला अठ्ठ्याहत्तर हजार, हे त्यांनीच गल्लीत सांगितलं. ऐकून चार घरांनी पॅनेलं बसवलीसुद्धा. काका मात्र शेजारच्या कडुनिंबाची सावली तासागणिक वहीत टिपतात. दुसरं वर्ष चालू आहे. "घाई करून चालत नाही. पंचवीस वर्षांचा मामला आहे." ते आता अठ्ठ्याहत्तरचे.

परवा संध्याकाळी गेलो तेव्हा काका रंगात होते. कोळसा त्यांनी कधी नव्हे इतका खाली आणला होता, आयात घटली होती, रात्रीच्या विजेची सोयसुद्धा बॅटऱ्यांनी लागत होती. "बघ, बघ, २०४७ जुळतंय!" म्हणत त्यांनी शेवटच्या चारवर बोट नेलं, आणि लाइट गेली. इन्व्हर्टरने दोन आचके दिले. लॅपटॉपची बॅटरी तर केव्हाच मेलेली.

अंधारात काकूंनी देवापुढची समई उचलून आणली.

"सेव्ह केलं होतं का?" मी हळूच विचारलं.

काका बोलले नाहीत. मग समईच्या उजेडात वही ओढून, पेनाचं टोपण दातांनी काढत म्हणाले, "सांगतो ते लिहून घे. सौर चार. वारा तीन. अणू दोन... चूल किती ठेवली होती गं?"

"चूल?" काकू म्हणाल्या. "भात खाली उतरवून आले, आणि सांगते."