पाऊस कोणाला ओळखत नाही

तिसरीच्या वर्गात ‘रस्ता ओला झाला, कारण...’ एवढंच फळ्यावर लिहून बाई थांबतात, तेव्हा त्या तीन टिंबांत सगळं जग मावायला तयार होऊन उभं असतं. पहिल्या बाकावरून ‘पाऊस पडला’ येतं, ते येणारच. मग मागून एकेक उत्तर उगवतं. टँकर गळत होता. आजीनं सडा घातला. कुणीतरी गाडी धुतली. ही सगळी उत्तरं बरोबर, आणि पुस्तकाला यांतलं एकच हवं असतं. तेवढ्यात कोपऱ्यातून एक मुलगा म्हणतो, ‘कारण मी घसरून पडलो.’ वर्ग हसतो. तो हसत नाही. त्याच्या गुडघ्यावरची खपली त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला बसलेली असते.

या मुलाचा एक सख्खा भाऊ शंभर वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमध्ये होता. ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञानं तिथल्या मुलांना अशीच अर्धी वाक्यं पुरी करायला दिली होती. त्यावरचं त्याचं पुस्तक १९२४ साली निघालं. माणूस सायकलवरून पडला, कारण? कारण त्याचा हात मोडला. मोठ्यांच्या जगात दिंडीतल्यासारखे एकामागून एक चालणारे कारण आणि परिणाम, लहानांच्या जगात असे जत्रेतल्यासारखे भेटतात. आधी कोण आलं, नंतर कोण, याची दोघांनाही फिकीर नसते. सातआठ वर्षांचं झाल्यावर ही रांग हळूहळू लागते, असं पियाजेचं म्हणणं. ती पुरती लागते का, याबद्दल मला शंका आहे. निवडणुकीचा निकाल लागला की संध्याकाळी टीव्हीवर जी जाणती मंडळी बसतात, तीही मोडलेल्या हाताकडे बघतबघतच माणूस सायकलवरून का पडला ते सांगत असतात.

खरं तर मराठी मुलाला हा धडा शाळेच्या आधीच मिळालेला असतो. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. पाऊस आला, शेणाचं वाहून गेलं. इतका स्वच्छ कार्यकारणभाव विज्ञानाच्या पुस्तकातही क्वचित सापडतो. पण घर का वाहून गेलं, यात मुलांना काडीचा रस नसतो. ते त्यांना पटलेलं असतं. ती अडतात बंद दारापाशी. चिऊनं दार लगेच का उघडलं नाही? बाळाची अंघोळ, बाळाची तीट, ही चिऊची कारणं त्यांच्या गळी उतरत नाहीत. शेणाला लागू पडणारी कारणं निराळी आणि चिऊला लागू पडणारी निराळी, हे त्यांना अंथरुणातच कळतं. शाळा पुढे शिकवते ती फक्त शेणाची. बिचारा कावळा तिथून निघतो आणि म्हणीत जाऊन फांदीवर बसतो. ती नेमकी तेव्हाच मोडते. निदान तिथे तरी मोठी माणसं त्याची बाजू घेतात आणि म्हणतात, योगायोग होता.

बाई मात्र चिकाटीच्या असतात. त्या दोन वाट्यांत भिजवलेली मटकी आणतात. तीच मटकी, तीच खिडकी, तेच फडकं. फक्त एकीवर रोज पाणी शिंपडायचं आणि दुसरी तशीच सुकू द्यायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग दोष कुणाचा ते आपोआप कळतं. एका वाटीत मोड लांब होतात, दुसरीत मटकी आक्रसते. ‘का बरं?’ बाई विचारतात. एक मुलगी म्हणते, ‘तिला वाईट वाटलं.’ बाई पुन्हा पाणी, ओल, बीज असं सगळं समजावतात. मुलगी मान डोलावते. दुसऱ्या दिवशी सुकी वाटी काठोकाठ भरलेली सापडते. प्रयोग फसतो, पण तो का फसला, हे कारण वर्गात एकालाही शिकवावं लागत नाही.

छत्री घरी राहिली म्हणून पाऊस आला, असं मूल म्हणतं तेव्हा मला त्याचा हेवा वाटतो. त्याच्या जगात ढगांनाही त्याच्या छत्रीची खबर असते. कार्यकारणभाव शिकवायचा म्हणजे त्याला हळूच सांगायचं की बाळा, पाऊस तुला ओळखत नाही. हे सांगायला जीभ रेटत नाही. पण याच जगात मुलं एकेकटी भलती ओझीही वाहत असतात. मी चिडून बोलले म्हणून आजीला ताप आला. मी हट्ट केला म्हणून बाबा दूरच्या नोकरीवर गेले. अशा वेळी तोच रुक्ष धडा एकदम मायाळू होतो. ताप रागानं येत नाही गं, बाई सांगतात. तुझ्या रागाचा त्यात काही संबंध नाही.

मटकीवाली मुलगी थोडा विचार करते. ‘मग सहलीच्या दिवशी पाऊस आला, तो पण रागावून नाही?’

‘नाही.’

‘बरं झालं,’ ती म्हणते, ‘मला वाटत होतं, माझ्यावरच आहे.’